रेट सिंड्रोममधी मेंदूची सूज स्टेम सेलनी जाते का?

ताई, तुमच्या भाचीच्या रिपोर्टमधी रेट सिंड्रोम ह्या मेंदूच्या आजाराचं एमईसीपी2 जीनमधलं म्युटेशन, म्हणजे बिघाड, निघालं, आन कोणीतरी म्हणायलंय की आजार एपिजेनेटिक आहे, मेंदूला सूज आहे, तर आहार बदला आन स्टेम सेल (नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी) टाकून घ्या, त्याच्यासाठी दाजी जमीन विकायला निघालेत. मी परभणीकडचा, माझी लेक पण रेटचीच, मी काही डॉक्टर नाही पण ह्याच्यावर लई वाचलंय, म्हणून सांगतो, जमीन काढू देऊ नका.

एपिजेनेटिक म्हणजे काय, तर डीएनए हा सातबारा धरा, त्याच्यावर मिथाइलचे बारीक बारीक शेरे असतेत, कोणता जीन कुठं गप ठेवायचा त्याचे. एमईसीपी2चं प्रोटीन म्हणजे ते शेरे वाचणारा तलाठी. रेटमधी तलाठीच बिघडलेला असतोय, मग पालेभाज्या खाऊन तो कसा सुधारंल? आन हे म्युटेशन बहुतेक वेळा नव्यानंच झालेलं असतंय, आईच्या खाण्यापिण्यानं नाही, हे भाचीच्या आईला आवर्जून सांगा, बायांना उगीच बोल लावतेत लोकं.

आता सूज. मायक्रोग्लिया म्हणून मेंदूची राखण करणाऱ्या पेशी असतेत, त्या रेटमधी बिघडतेत हे खरंय, पण मूळ दुखणं ते नाही. 2012 ला नेचर ह्या विज्ञानाच्या मासिकात पेपर आला की बोन मॅरो (हाडातला मगज, त्याच्यात स्टेम सेल असतेत) बदलला तर रेटचे उंदीर सुधारले, लई आशा लागली लोकांना. मग 2015 ला नेचरमधीच दुसऱ्या लॅबवाल्यांनी सांगितलं की आम्ही तेच करून बघितलं, काही फरक नाही. पहिला पेपर कोणी दाखवला तर दुसरा मागा.

खरी आशा वेगळीच आहे. 2007 ला एडिनबर्गच्या एड्रियन बर्डच्या टीमनी उंदरात जीन परत चालू केला तर मोठे झालेले उंदीर पण सुधारले, म्हणजे पेशी मेलेल्या नसतेत. जीन थेरपीच्या, म्हणजे पेशीत चांगला जीन सोडायच्या, ट्रायल त्याच्यावरच चालूयत, फक्त हे प्रोटीन जास्त झालं तरी आजारच होतोय, म्हणून माप जमणं अवघड. ट्रोफिनेटाइड ह्या औषधाला अमेरिकेत 2023 ला मंजुरी मिळाली, थोडा फरक पडतो पण जुलाब लई, आन पूर्ण बरं काही करत नाही.

तवर पैसा फिजिओला लावा, पाठीचा कणा वाकतोय का बघत राहा, डोळ्यांच्या इशाऱ्यानं बोलायची सवय लावा. आन ईसीजी काढलाय का? रेटमधी क्यूटी (ठोक्यानंतर हृदय परत तयार व्हायला लागणारा वेळ, ईसीजीत दिसतो) लांबलेलं असू शकतंय, काही औषधं त्याच्यात चालत नाहीत, ते आधी बघून घ्या.