पद गेलं, पत गेली?

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी नोकरी गेली. घर शिलकीवर चाललंय, पण कुणी ‘सध्या काय करता?’ विचारलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं. रोज आरशासमोर ‘मी श्रेष्ठ आहे’ म्हणतो, तर तेही खोटं वाटतं. काय चुकतंय?

उत्तर : आरशातलं वाक्य आधी बंद करा. जोॲन वुड आणि सहकाऱ्यांच्या २००९ मधल्या प्रयोगात, स्वतःविषयी मुळात हलकं मत असलेल्यांनी असं वाक्य घोकलं, तेव्हा न घोकणाऱ्यांपेक्षा त्यांना जास्त वाईट वाटलं. मन लगेच उलटतपासणी घेतं ना!

नोकरी जाणं ही घटना; तुम्ही मात्र तिच्यावरून अख्ख्या माणसाला गुण देताय. कृती जोखा, माणूस जोखू नका, हा विवेकनिष्ठ मानसोपचाराचे जनक अल्बर्ट एलिस यांचा आग्रह असे.

वहीच्या पानावर उभी रेघ मारा. डावीकडे फक्त घडलेलं : ‘तीन अर्ज केले, उत्तर आलं नाही.’ उजवीकडे मनात आलेलं : ‘मी कुचकामी.’ त्यावर किती विश्वास बसतो, ० ते १००? आकडा लिहा. मग ‘मी’ खोडून काम आणि काळ घाला : ‘या महिन्यातले तीन अर्ज फळले नाहीत.’ जुन्या वाक्याला पुन्हा आकडा द्या. ८० चा ६५ झाला तरी पुष्कळ. रोज दहा मिनिटं पुरेत; अंथरुणात मात्र नको, तिथे लिहिणं राहतं आणि उगाळणं सुरू होतं.

इथे बरेच जण घसरतात ते शेजारी ‘पण मी बाप चांगला आहे’ असं लिहून. स्वतःची किंमत टांगायची खुंटी बदलली, टांगणं तेच! मुलाशी खटका उडाला की पुन्हा खाली. मानसशास्त्रज्ञ जेनिफर क्रॉकर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशा सात खुंट्या मांडल्या : अभ्यासातलं यश, रूप, इतरांची पसंती, स्पर्धेतली सरशी, कुटुंबाचा आधार, देवाचं प्रेम, सदाचार. सदाचारसुद्धा, बरं का. कोणत्या गोष्टीने तुमचा अख्खा दिवस उजळतो किंवा नासतो, ते पाहा; खुंटी सापडेल.

आणि ‘काय करता?’ला एका वाक्यात उत्तर द्या : ‘नोकरी शोधतोय.’ पुढचा खुलासा मागितलेला नसतो.

प्रश्न : स्वतःला जोखणंच सोडलं, तर माणूस निर्ढावणार नाही का?

उत्तर : उलट होतं. चूक म्हणजेच मी, असं वाटणाऱ्याला ती कबूल करणं जिवावर येतं. मग खापर दुसऱ्यावर फुटतं.

दोन आठवडे बहुतेक वेळ उदास वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर वहीवर विसंबू नका, डॉक्टरांना भेटा. मरणाचे विचार येत असतील तर आजच.