कोंचा पावावरचा साखरेचा थर भाजताना ओघळतो, काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की मेक्सिकोचा कोंचा तीनदा करून पाहिला. पाव मऊ होतो, पण वरचा साखरेचा थर ओघळून ट्रेवर येतो. मला वाटतं गडबड ओव्हनमध्ये नाही, त्याआधीच्या तासाभरात होतेय.

मी अमेरिकेत, टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत राहते. आमच्या शेजारी मूळच्या मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या एक आजी आहेत, त्यांच्या ओट्याशी उभी राहून हा पाव शिकले. कोंचा म्हणजे शिंपला. खालचा पाव फुगतो, वरचा थर फुगत नाही, म्हणून तो कापल्या जागी उलगडतो आणि शिंपल्याच्या रेघा दिसायला लागतात. त्यासाठी गोळे दुसऱ्यांदा फुगायला ठेवण्याआधीच थर लावून कापायचा.

थरात मैदा, पिठीसाखर आणि लोणी किंवा वनस्पती तूप वजनाने सारखं, 12 पावांना प्रत्येकी 100 ग्रॅम. तुम्ही घेतलं असणार लोणीच, आणि ते 32 ते 35 अंशांना वितळतं. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये ओट्यावरसुद्धा एवढं तापमान असतं! आजी थरात लोणी घेतच नाहीत. तिकडच्या बेकऱ्यांतही बऱ्याचदा ‘मांतेका वेहेताल’ वापरतात, म्हणजे आपलं वनस्पती तूप. नानकटाई केली असेल तर हे पीठ तुमच्या हाताला लगेच ओळखीचं वाटेल. चवीला लोणीच हवं असेल तर निम्मं लोणी, निम्मं वनस्पती घ्या. आणि ‘ऊबदार जागी ठेवा’ असं वाचून गोळे कोमट ओव्हनमध्ये ठेवत असाल, तर ते आधी थांबवा. ओट्यावरच ठेवा, थोडा वेळ जास्त लागू दे.

पावाला 500 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम साखर, 2 अंडी, साधारण 180 मिली दूध, 7 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, चमचाभर मीठ. हे दहा मिनिटं मळून मगच 100 ग्रॅम मऊ लोणी थोडं थोडं घालत पुन्हा मळा. लोणी आधीच घातलं तर पिठाला ताण येत नाही. पीठ दुप्पट झालं की 80 ग्रॅमचे गोळे करा.

आता हातावर थोडं वनस्पती घेऊन प्रत्येक गोळ्यावर फिरवा, नाहीतर थर चिकटत नाही, भाजल्यावर टोपीसारखा निघून येतो. 25 ग्रॅमची चकती थापून वर ठेवा आणि तळव्याने हलकं दाबा. सुरीला मैदा लावून फक्त थर कापा, पावापर्यंत जाऊ नका. गोळे दीडपट झाले की 180 अंशांवर 18 ते 20 मिनिटं. दुप्पट होईपर्यंत थांबलात तर पाव बसतो आणि थर कडेने घसरतो. माझे पहिले दोन घाणे असेच गेले होते.

त्याच दिवशी खा. उरलेच तर दुसऱ्या दिवशी गरम चॉकलेटमध्ये बुडवून. आजींच्या घरी तर ताजेही तसेच खातात.