ऑपरेटिंग सिस्टिमच्या (ओएस) अपग्रेडनंतर टूल सापडत नाहीये? आधी एवढं करा

घाबरू नका. बहुतेक वेळा टूल मशीनमध्येच असतं, फक्त त्याचं नाव किंवा जागा बदललेली असते.

मेनू धुंडाळण्यात वेळ घालवू नका, थेट सर्च करा. विंडोजवर स्टार्ट उघडून टाइप करायला लागा, मॅकवर कमांड-स्पेस दाबून 'स्पॉटलाइट' हा सर्च उघडा. विंडोज ११ मध्ये कंट्रोल पॅनल असंच सापडतं; ते गेलं म्हणून उगाच बोंब असते. मॅकवरचं 'सिस्टिम प्रेफरन्सेस' २०२२ च्या व्हेंचुरा या मॅकओएस व्हर्जनपासून 'सिस्टिम सेटिंग्ज' झालं. नंतरच्या सिक्वोया व्हर्जनमध्ये 'कीचेन ॲक्सेस' (सेव्ह केलेले पासवर्ड सांभाळणारं टूल) युटिलिटीज फोल्डरमधून हललं, पण स्पॉटलाइटला ते बरोबर सापडतं. लिनक्सवर नेटवर्कची माहिती बघायला 'आयएफकॉन्फिग' ही कमांड टाकल्यावर 'कमांड नॉट फाउंड' आलं, तर 'आयपी' वापरा; कनेक्शन दाखवणाऱ्या 'नेटस्टॅट'च्या जागी 'एसएस'.

नवखे हमखास करतात त्या चुका:

- हरवलेलं टूल भलत्याच साइटवरून डाउनलोड करणं. ही सगळ्यात महागात पडते. सिस्टिमच्या टूलच्या नावाखाली मालवेअर खपवणारे टपूनच बसलेले असतात, आणि इन्स्टॉल करताना ॲडमिन पासवर्ड तुम्ही स्वतःच्या हाताने देता.
- जुन्या मशीनवरून प्रोग्रॅमची फाइल कॉपी करून आणणं.
- लगेच जुन्या व्हर्जनवर परत जाणं.

स्क्रिप्टमधले (कमांड लिहून ठेवलेल्या फाइलमधले) जुने पाथ, म्हणजे टूलच्या जागेचे पत्ते, सध्या राहू द्यात, ते नंतर बघू. तरीही अडलं तर ओएसचं नेमकं व्हर्जन आणि टूलचं जुनं नाव, दोन्ही कळवा.