बालकावर हिंसाचार झाल्याची शंका आल्यास प्राथमिक आरोग्य कर्मचाऱ्याने काय करावे?
शंकेची सुरुवात बहुधा सांगितलेली हकिकत आणि दिसणारी जखम यांचा मेळ न बसण्यातून होते. अजून रांगूही न लागलेल्या बाळाच्या अंगावरील मुक्या माराच्या खुणा हे त्याचे ठळक उदाहरण. अशा वेळी मुलाशी शक्यतो पालकांपासून वेगळे, शांतपणे बोलावे, ‘बाबांनी मारले का?’ असे उत्तर सुचवणारे प्रश्न टाळावेत आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे नोंदवावेत. ‘कुणालाही सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नये. ते पाळता येत नाही. गुन्हा सिद्ध करणे हे कर्मचाऱ्याचे काम नसून वाजवी शंका बालसंरक्षण यंत्रणेला कळवणे हे आहे. लैंगिक अत्याचारात एचआयव्ही संसर्गाचा धोका असल्यास प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते, त्यामुळे पुढे पाठवण्यात वेळ दवडू नये.