नोकरीला कंटाळलेल्या मावसभावाला झापावं की ऐकून घ्यावं?

तुमचा मावसभाऊ चाकणच्या कारखान्यात चौथ्या वर्षात आहे. रोज रात्री फोन करून 'सोडतो सगळं, यावलला येऊन केळी लावतो' म्हणतो, आणि त्याला झापावं की ऐकून घ्यावं हे तुम्हाला उमगत नाही. माझं जळगाव जिल्ह्यात, यावलजवळच्या फैजपूरकडे शेतीच्या खतं-औषधांचं दुकान आहे. पुण्याहून परतलेली पोरं आणि पुण्याला पळू पाहणारी पोरं एकाच बाकड्यावर बसलेली मी बघतो, म्हणून लिहितोय.

झापण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही, कारण ते काम आधीच झालेलं असतं. बापाने 'बाहेर दहा जण रांगेत उभे आहेत' ऐकवलेलं असतं, मामाने स्वतःच्या सायकलवरच्या दिवसांची गोष्ट काढलेली असते, आणि शेजारच्या काकांचा पोरगा तर पर्मनंट होऊन बसलेलाच असतो. त्यात तुम्ही नवीन काय सांगणार? विल्यम मिलर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1983 मध्ये, दारू सोडवण्याच्या कामातून, माणसाशी न भांडता त्याला बोलतं करायची पद्धत मांडली. पुढे 1993 च्या त्याच्या अभ्यासात दिसलं की समुपदेशक जितका अंगावर जाऊन बोलला, तितकी समोरच्याची दारू वर्षभरानंतर जास्त निघाली. नोकरीचा वैताग म्हणजे व्यसन नव्हे, हे कबूल. पण तुम्ही 'सोडू नको' म्हणालात की त्याला 'का सोडायची' हे सांगावं लागतं, आणि रोज रात्री तेच सांगून सांगून त्याचं मत घट्ट होत जातं.

पण नुसतं 'हो रे भो, खरं आहे तुझं' म्हणत राहणं हीही दया नाही. तासभर मन मोकळं झालं की सकाळची शिफ्ट निभते, आणि रात्री पुन्हा फोन. तुमच्या फोनच्या आधारावर तो आणखी चार वर्षं तिथंच काढेल.

माझ्या मते माणसाशी मऊ राहावं आणि त्याच्या केळीशी कडक. आधी नेमकं काय खुपतंय ते शोधा. नाइट शिफ्ट, सुपरवायझर, चौघांत एक खोली, की पगार सगळा घरच्या कर्जात जातोय? 'गेल्या महिन्यात कुठला दिवस बरा गेला?' असं विचारून बघा. सगळं गाऱ्हाणं एकाच साहेबाभोवती फिरत असेल, तर डिपार्टमेंट किंवा कंपनी बदलूनही प्रश्न सुटेल. त्यासाठी यावल गाठायची गरज नाही.

मग केळीवर या, आणि इथे अजिबात गोड बोलू नका. वावर कुणाच्या नावावर आहे? भाऊबंदकीत वाटणी झाली आहे का? विहिरीला एप्रिल-मेमध्ये पाणी टिकतं का, आणि वीज रात्रीची असते तेव्हा पाणी कोण भरणार? सहा बाय पाच फुटांवर लावली तर एकरी साडेचौदाशेच्या आसपास खोडं बसतात. टिश्यूची (प्रयोगशाळेत तयार केलेली) रोपं, ठिबक, खत, मजुरी यांचा हिशेब त्याला स्वतःच्या हाताने वहीत मांडू द्या. घड कापायला वर्ष लागतं, तोवर घर कशावर चालणार? सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला तर रोपं उपटून फेकावी लागतात, थंडीत पानांवर करपा येतो, आणि कापणीच्या तोंडावर मे-जूनच्या वादळात बाग आडवी होते. एवढं सगळं पार पडलं तरी भाव बऱ्हाणपूरच्या केळीबाजारावर बघायचा. चाकणचा पगार कमी असेल, पण तो वाऱ्याने पडत नाही.

हे त्याला घाबरवायला सांगत नाहीये. माझ्या गिऱ्हाइकांत नोकरी सोडून आलेली आणि उत्तम बाग करणारी पोरं आहेत. त्यांच्यात मला एक सारखेपणा दिसतो. ती परतायच्या आधीच केळीबद्दल विचारायला यायची, साहेबाबद्दल रडायला नव्हे. तुमचा भाऊ फोनवर केळीचं नाव घेतो, पण रोपाचा भाव त्याने कधी विचारलाय का? एवढा एक प्रश्न करा आणि गप्प राहा. मृगबागेची लागवड जून-जुलैत असते. खरंच यायचं असेल तर त्याआधी आठवडाभर सुट्टी काढून घरच्याच बागेत राब म्हणावं, उन्हात, पहाटेपासून.

कायम नोकरी असेल तर पाच वर्षं भरल्यावर ग्रॅच्युइटी मिळते, म्हणजे दर वर्षामागे साधारण पंधरा दिवसांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता. चौथ्या वर्षात राजीनामा फेकण्याआधी हे त्याला माहीत असू द्या. टिश्यूच्या रोपांना तेवढाच हातभार.

आणि मावशीला इतक्यात काही बोलू नका. 'पोरगा गावी येतोय' एवढं कळलं तरी आलेली स्थळं मागे फिरतील, आणि मग तुमच्या फोनवर रात्री दोघं रडतील.