मोबाइलवर खेळकर अनुभव डिझाइन करायचाय. आधीच्या एक्सप्लोरेटरी रिसर्चसाठी, म्हणजे सुरुवातीच्या चाचपणीसाठी, किती जणांकडून प्रश्नावली भरून घ्यावी?

एकाकडूनही नको.

तुम्ही लिहिलंय की गाइडनी शंभराचा आकडा सांगितलाय, फॉर्म व्हॉट्सॲपवर फिरतोय, आणि रिपोर्टचा साचा कुणाकडे असेल तर हवाय. साच्याचं दुसऱ्या कुणाला विचारा. शंभराच्या आकड्याशी मात्र माझी जुनी ओळख आहे.

२०१३ चा डिसेंबर. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता, विषय साधारण तुमचाच. सरांच्या आग्रहाखातर मी अंबाजोगाईच्या एसटी स्टँडवर दोन दिवस क्लिपबोर्ड घेऊन फिरलो. पहिला प्रश्न : 'आपण मोबाइलवर खेळता का?' जवळपास सगळ्यांचं उत्तर 'नाही'. त्यातल्या एका गृहस्थांनी तर हातातल्या फोनवरच्या गेममधला साप भिंतीवर आपटू नये म्हणून माझ्याकडे न बघताच 'नाही' म्हटलं. मिशा आलेला माणूस आपल्याकडे खेळत नसतो, त्याचा टाइमपास चाललेला असतो. एवढं कळायला मला साठ फॉर्म लागले.

मग मी प्रश्न विचारणं सोडलं आणि वस्तू वाटल्या. कल्पना माझी नव्हती. गेव्हर, डन आणि पाचेंती या डिझाइन संशोधकांनी १९९९ मध्ये 'कल्चरल प्रोब' म्हणून ती मांडली होती : ऑस्लो, ॲमस्टरडॅमजवळचं बायल्मर आणि इटलीतलं पेच्चोली इथल्या म्हाताऱ्या माणसांना पोस्टकार्डं, नकाशे, साधे कॅमेरे द्यायचे आणि काय परत येतं ते बघायचं. मला कॅमेरे परवडणारे नव्हते. मी नऊ घरांत प्लास्टिकचा एकेक डबा आणि मूठभर चिंचोके दिले. फोनमुळे हसू आलं की एक चिंचोका डब्यात टाकायचा, बस.

धारूर तालुक्यातल्या एका घरी आजी आणि दहा-अकरा वर्षांचा नातू, दोघंच होते. आईबाप टोळीबरोबर कोल्हापूरकडं ऊसतोडीला. आठ दिवसांनी गेलो तर डबा रिकामा. चिंचोके कुठायत? पोरानं खिशातून चार अर्धुकं काढली. फोडून, ओट्याच्या दगडावर घासून गुळगुळीत केलेली, एक बाजू पांढरी, एक काळी. फासे! मला इतका राग आला म्हणून सांगू. माझा डेटा त्यानं घासून टाकला होता.

आजी म्हणाली, "थांब लेकरा, आठ वाजू दे. मंग बघ."

आठच्या सुमारास त्याची आई कोपीवरून, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीवरून, रोज मिस्ड कॉल द्यायची. म्हणजे आम्ही जेवलो, बरे आहोत. पैसे पडू नयेत म्हणून दोन-तीन रिंगा देऊन ती कट करायची. पोरगं त्याआधी फासे टाकायचं. जितके पांढरे पडतील तितव्या रिंगेला फोन उचलायचा. एक पडला तर सोपं. तीन पडले तर जीव मुठीत, कारण आई दुसरीलाच कट करू शकते. चार पडले तर कपाळावर हात. आई सापडली की तिचा बॅलन्स जायचा, ती "मेल्या, उचलतोस काय!" म्हणून ओरडायची, आणि मग त्याच पैशात दोघं अर्धा मिनिट बोलून घ्यायचे. पुढं पुढं तीही आज किती पडले असतील याचा अंदाज बांधून कट करायला लागली होती. मधे शेकडो किलोमीटर, हातात दोन साधे फोन, आणि डाव रंगलेला.

मी हे सरांना सांगितलं. सर म्हणाले, "गोड आहे. पण एका घरावरून काय सिद्ध होतं? आणि इंटरॅक्शन काय? पॉइंट्स लाव, लीडरबोर्ड लाव, कोण पुढं ते दाखवणारा तक्ता, म्हणजे मोजता येईल."

लावला. भिंतीवर कार्डशीट, दोन रकाने, आई आणि पोरगा, रोज एक रेघ. नऊ रात्रींनंतर सहा-तीन झालं. पोरानं ते फोनवर सांगितलं. पलीकडून आवाज आला, "म्हणजे माझ्यावर तीन बाकी?" दुसऱ्या दिवसापासून एकच रिंग यायची आणि कट. चार दिवस तसंच. मी गेलो तेव्हा आजीनं कार्डशीट गुंडाळून हातात दिली. "ही मुकादमाची वही घेऊन जा तुझी." ज्या घरानं मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ उचल घेतलीय आणि ती फिटेपर्यंत राबतंय, त्या घराच्या भिंतीवर मी येणं-बाकीचा तक्ता टांगला होता.

तेव्हा 'सिद्ध काय होतं' याचं उत्तर : काहीच नाही. एक्सप्लोरेटरी रिसर्च त्यासाठी करतच नाहीत. काय बांधू नये आणि पुढं काय मोजावं, एवढं त्यातून कळतं. आठ-दहा घरं पुरतात, फक्त प्रत्येक घरी किमान तीनदा जा. पहिल्या खेपेला लोक पाहुणचार करतात. काहीतरी बांधल्यावर मग खुशाल शंभर माणसं मोजा.

वाचायचंच असेल तर फ्रेंच विचारवंत रोजे काय्वानं १९५८ मध्ये खेळाचे चार प्रकार केलेत : चुरस, नशीब, सोंग आणि गरगर (भोवळ येईस्तोवर फिरणं). सरांना फक्त चुरस दिसत होती, पोरगं नशिबावर खेळत होतं. आणि ग्लासगोचे संगणक संशोधक मॅथ्यू चामर्स यांनी तंत्रज्ञानातल्या 'शिवणी', म्हणजे त्यातले सांधे आणि फटी, न लपवता त्या खेळायला द्या, अशी मांडणी केलीय, तीही बघा. मिस्ड कॉल म्हणजे कॉलदरातली उसवलेली शिवणच की.

एक सांगायचं राहिलं. माझ्यामुळे त्या बाईचे पैसे जायला नकोत म्हणून मी मध्येच तिच्या नंबरवर पन्नासचा रिचार्ज मारला होता. दोन दिवस खेळ बंद! बॅलन्स होता, तर ती सरळ बोललीच. म्हणजे सगळा दोष लीडरबोर्डचा नाही, थोडा माझाही. आणि लहान मुलं असलेल्या घरात जाताना आईबापांना आधी फोनवर विचारा. मी फक्त आजीला विचारलं होतं, ते चुकलं. शिवाय २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, कॉल फुकट झाले, त्यामुळे हा खेळ जसाच्या तसा उचलून तुमच्या ॲपमध्ये घालू नका. आता व्हिडिओ कॉल मधेच अडकला की लोक काय चाळे करतात, ते बघा.

सर हल्ली कार्यशाळांमध्ये प्रोब किट वाटतात, छापील खोका आणि स्टिकर वगैरे. चिंचोके नाहीत त्यात. मी उघडून पाहिलंय.