पहिल्या वारीआधी घरचं बघ

पोरा, माळ घातलीस, बरं केलंस. पण वारीला निघायची घाई नको. माउलींची पालखी आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते, म्हणजे ऐन पेरणीत. मृग वेळेवर बरसला तर पेरून निघता येतं; लांबला की तिफण, बियाणं, गुरं सगळं घरच्यांच्या गळ्यात. आमच्यात एक भाऊ वारीला, दुसरा रानात. पुढच्या साली उलट. आणि बायकोला आधी विचार. धारा तीच काढणार आहे.

पुणे ते सासवड हा टप्पा सगळ्यात लांब, त्यात दिवे घाटाची चढण आणि बहुतेक साली त्याच दिवशी एकादशी. शेंगदाण्याचे लाडू पिशवीत वर ठेव, तळाशी नको. चप्पल जुनीच घाल.

एखादं साल जमलं नाही तरी जीव जाळू नकोस. अरणचे सावता माळी मळा सोडून गेले नाहीत, उलट पंढरपूरहून विठ्ठलाचीच पालखी त्यांच्या पुण्यतिथीला अरणला जाते.

मक्याचा युरिया मात्र निघण्याआधी आणून ठेव. तो द्यायची वेळ येईल तेव्हा तू पार पंढरपूरजवळ, वाखरीच्या आसपास असशील.